तीन अर्शीन, साडेतीन हात

रशियन लेखक तुर्गेनेवच्या ‘मुमू’ या कथेत गेरासिम हा मुका-बहिरा नोकर पहिल्यांदा समोर येतो तेव्हा त्याची उंची ‘बारा वेर्शोक’ अशी सांगितलेली आहे. एक वेर्शोक म्हणजे ४.४४५ सेंटिमीटर. सरळ गुणाकार केला तर ही उंची ५३ सेंटिमीटर भरते, म्हणजे नवजात बाळाएवढी, आणि त्याच वाक्यात गेरासिमचा बांधा महावीरासारखा असल्याचेही म्हटलेले आहे. उलगडा असा की एकोणिसाव्या शतकातल्या रशियात मोठ्या माणसाची उंची सांगताना पहिले दोन अर्शीन बोलून दाखवत नसत. ते प्रत्येकात असणारच, असे गृहीत धरून फक्त वरचे वेर्शोक सांगत. दोन अर्शीन म्हणजे ५६ इंच आणि बारा वेर्शोक म्हणजे २१ इंच, असे मिळून ७७ इंच होतात. गेरासिम सहा फूट पाच इंच उंच होता.

एवढे केले की आकडा बरोबर येतो, पण माणूस अजून डोळ्यांसमोर येत नाही. तो येण्यासाठी मी आणखी एक पायरी उतरते आणि आकड्याला हातावर आणते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा अठरा इंची हात धरला तर गेरासिम चार हात आणि अर्धी वीत होतो. मी पाच फूट तीन इंच उंच आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला साडेतीन हात म्हणतात तेवढीच. गेरासिम शेजारी उभा राहिला तर माझा माथा त्याच्या खांद्याशी येईल. त्याने एका हाताने उचललेले कुत्र्याचे पिल्लू केवढेसे दिसत असेल हे मला या हिशेबानंतर कळते, आणि कथेच्या शेवटाकडे जाताना त्या दोन आकारांतला फरक मनातून जात नाही.

रशियन कथा मराठीतून किंवा इंग्रजीतून वाचताना समासात पेन्सिलीने असे हिशेब मांडण्याची सवय मला फार पूर्वी लागली. माझ्या पिढीतल्या अनेकांच्या घरी मॉस्कोहून छापून आलेली स्वस्त, जाड पुठ्ठ्याची मराठी पुस्तके होती, आणि त्यांतली माणसे वेर्स्तामागून वेर्स्ता बर्फ तुडवत जात. तळटीप असली तर ती ‘लांबीचे जुने रशियन माप’ एवढेच सांगून मोकळी होई. वेर्स्ता मोठा की लहान, चालायला अवघड की सोपा, हे वाचकाने स्वतःच ठरवायचे. जुन्या मापांचे मीटरमध्ये रूपांतर करणारी कोष्टके आता कुठेही मिळतात आणि ती अचूक असतात. तरीही अर्शीन म्हणजे ७१.१२ सेंटिमीटर हे वाचून मनात काहीही उभे राहत नाही, आणि खांद्याच्या सांध्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा आपला हात म्हटले की माप जागच्या जागी सापडते. माझा हात असा मोजला तर अर्शिनाला जेमतेम सेंटिमीटरभर कमी पडतो. रशियन लोकही अर्शीन समजावून सांगताना असाच सरळ ताणलेला हात दाखवतात.

भारतीय वाचकाला या बाबतीत एक सोय आहे, तिचा उपयोग आपण करत नाही. ही मापे मीटरमध्ये विचित्र दशांशांनी संपतात, पण इंचांत ती अगदी स्वच्छ बसतात. अर्शीन म्हणजे बरोबर २८ इंच, वेर्शोक म्हणजे पावणेदोन इंच, आणि तीन अर्शिनांचा साझेन म्हणजे बरोबर सात फूट. हा योगायोग नाही. अठराव्या शतकात पीटर द ग्रेटच्या जहाजबांधणीमुळे इंग्रजी फूट आणि इंच रशियाच्या गोद्यांत शिरले, जुनी रशियन मापे त्यांच्याशी जुळवून घेतली गेली आणि १८३५ मध्ये झार निकोलस पहिला याच्या हुकुमाने साझेन सात इंग्रजी फुटांचा असल्याचे कायद्याने पक्के झाले. त्यामुळे शिंप्याच्या टेपवर २८ च्या रेघेवर बोट ठेवले की खरा अर्शीन मिळतो. साझेन तर आपल्या घरातच आहे, कारण आपल्याकडचा सात फुटी दरवाजा म्हणजे एक साझेन. मी चवड्यांवर उभी राहून हात वर ताणला तर बोटे जवळजवळ त्या उंचीला टेकतात. मी माझ्यापुरता साझेन असाच ठरवला आहे: टाचा उचलून वर केलेला हात.

पण १८३५ चा साझेन हा या मापाचा शेवटचा, कडक झालेला अवतार होता. त्याआधीची शेकडो वर्षे हे माप माणसाच्या अंगावरच होते, आणि तेही एकापेक्षा अधिक प्रकारांनी. दोन्ही हात बाजूंना पूर्ण पसरले की एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत एक साझेन होई. कोकणातले लोक दोर किंवा पाण्याची खोली ज्या वावेने मोजतात तीच ही वाव. हात पसरूनच, पण एका अंगठ्यापासून दुसऱ्या अंगठ्यापर्यंत मोजले तर थोडा आखूड साझेन मिळे. तिसरा तिरका साझेन. त्यासाठी पाय फाकवून उभे राहायचे, उजवा हात तिरका वर ताणायचा आणि डाव्या पायाच्या बोटापासून उजव्या हाताच्या बोटापर्यंतचे अंतर धरायचे. बोरिस रिबाकोव या सोव्हिएत पुरातत्त्वज्ञाने १९४९ मध्ये या मापांचा अभ्यास मांडला. त्यात पसरलेल्या हातांचा साझेन सुमारे १७६, आखूड साझेन सुमारे १५२ आणि तिरका साझेन सुमारे २४८ सेंटिमीटर येतो. जुने गवंडी एकाच इमारतीत हे वेगवेगळे साझेन एकत्र वापरत, असेही त्याचे मत होते. मला ते पटण्यासारखे वाटते. ज्याची मोजपट्टी त्याच्या अंगातच आहे, त्याने रुंदी मोजताना हात पसरावेत आणि उंची मोजताना हात वर करावा, यापेक्षा सोपे दुसरे काय असणार?

या साझेनची एक फार जुनी नोंद दगडावर कोरलेली आहे. काळ्या समुद्राकाठच्या तामान द्वीपकल्पात १७९२ मध्ये एक संगमरवरी शिळा सापडली, ती आज सेंट पीटर्सबर्गच्या एर्मिताझ संग्रहालयात आहे. १०६८ साली राजपुत्र ग्लेब याने त्मुतराकान (आजच्या तामान गावाच्या जागी) ते कोर्चेव, म्हणजे आजचे केर्च, असा समुद्र बर्फावरून मोजला आणि तो दहा हजार आणि चार हजार साझेन भरला, एवढेच तिच्यावर लिहिले आहे. ही शिळा खरी की बनावट यावर खूप वर्षे वाद झाला. मोजणी नेमकी कोणत्या ठिकाणापासून सुरू झाली यावरही अभ्यासकांचे एकमत नाही. मी मात्र हा आकडा वेगवेगळ्या साझेनना लावून पाहिला. चौदा हजारांना सात फुटी सरकारी साझेनने गुणले तर तीस किलोमीटर होतात, आणि पसरलेल्या हातांच्या साझेनने गुणले तर साडेचोवीस. तामान गावापासून केर्चपर्यंतचे सरळ अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. पण गोठलेल्या सामुद्रधुनीवर दोर टाकत, तो पुन्हा पुन्हा उचलत निघालेली माणसे आणि त्या दोरामागे असलेले कोणाचे तरी पसरलेले दोन हात, हे चित्र कायद्यातल्या साझेनपेक्षा या आकड्याला अधिक जवळचे वाटते.

त्यानंतर थोड्याच काळाने, बाराव्या शतकाच्या आरंभी, दानीएल नावाचा रशियन मठाधिपती जेरुसलेमला गेला. ख्रिस्ताच्या थडग्याची लांबी, रुंदी आणि उंची आपण स्वतःच्या अंगाने मोजली, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. लोकांसमोर असे मोजणे कोणालाच शक्य नव्हते, हेही त्याने नोंदवले आहे. त्यामुळे त्याच्यापाशी दुसरे कोणते साधन असते तरी त्याचा उपयोग झाला नसता. शरीर हे मापाचे साधन म्हणून किती बिनबोभाट काम करते, याचा याहून चांगला दाखला माझ्या वाचनात नाही.

लहान मापांकडे आले की मराठी माणसाला तर भाषांतर करावेच लागत नाही. रशियन ‘प्याद’ म्हणजे ताणलेला अंगठा आणि ताणलेली तर्जनी यांतले अंतर, आणि आपली टीच हेच अंतर मोजते. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात फाकवला की मोठी प्याद होते, ती आपली वीत. कायद्याने पक्क्या झालेल्या मापांत प्याद चार वेर्शोकांची, म्हणजे सात इंचांची, धरलेली आहे. बायकांच्या हाताला सात इंचांची टीच थोडी मोठी पडते, पण दणकट पंजाच्या शेतकऱ्याला ती सहज जमेल. रशियनांकडे प्यादेचा आणखी एक प्रकार होता, तो मला आपल्याकडे कुठे आढळलेला नाही. त्याला ‘कोलांटीसह प्याद’ म्हणत. टीच भरायची, मग तर्जनी पुढच्या बाजूला उलटी टाकून तिच्या दोन-तीन पेरांची लांबी तिच्यात मिळवायची. असे केले की साधारण एक फूट भरतो. मी हे टेबलाच्या कडेवर करून पाहिले. एकदा बोटांना वळण पडले की लाकडाची फळी किंवा कापडाची पट्टी या रीतीने झरझर मोजता येते, कारण हात उचलावा लागत नाही, तो आपला पुढे सरकत जातो. कोष्टकात ‘२७ ते ३१ सेंटिमीटर’ एवढेच लिहिलेले असते, आणि तिथे या हालचालीचा मागमूसही उरत नाही.

वेर्शोकचे नाते तर्जनीच्या मुळाकडच्या पेराशी सांगतात. बोट वाकवून ते पेर मोकळे केले की पावणेदोन इंचांच्या आसपास लांबी दिसते. दोन वेर्शोक म्हणजे मूठ वळून अंगठा तिच्या बाजूला टेकवला असता होणारी रुंदी. लहानखुऱ्या पोराला रशियन भाषेत ‘मडक्याहून दोन वेर्शोक उंच’ म्हणतात, म्हणजे मडक्यावर मूठ ठेवली की त्याची उंची संपली. इथे रूपांतर अगदी नेमके बसते. सगळीकडे मात्र ते करू नये. रुंद खांद्यांच्या माणसाला ‘खांद्यांत तिरका साझेन’ म्हणतात आणि फार हुशार माणसाला ‘कपाळात सात प्याद’. पहिल्याचे खांदे अडीच मीटर आणि दुसऱ्याचे कपाळ सव्वा मीटर, असे लिहिणाऱ्या भाषांतरकाराने आकडा वाचवला आणि बोलणाऱ्याचा कौतुकाने भरलेला आवाज घालवला. उंच, किडकिडीत माणसाला ‘कोलोमेन्स्कोयेचा वेर्स्ता’ म्हणण्याची रीत तर उलट्या दिशेने जाते. झार अलेक्सेय मिखाइलोविचच्या काळात मॉस्कोहून कोलोमेन्स्कोयेच्या राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर वेर्स्ताला, म्हणजे किलोमीटरहून थोड्या जास्त अंतराला, उंच खांब उभारले होते, आणि लोकांनी त्या खांबांवरून माणसे मोजायला सुरुवात केली.

अंगावरच्या मापांविषयी मला एवढी ओढ असली, तरी ती मापे सगळ्यांना न्याय देत होती असे मी म्हणणार नाही. अर्शीन हे मुख्यतः कापडबाजाराचे माप होते, पूर्वेकडच्या व्यापाराबरोबर ते रशियात आले आणि तिथल्या जुन्या कोपरभर मापाला त्याने हळूहळू मागे सारले. ज्याच्या हातात अर्शीनची काठी, त्याच्या हातात भाव. दुकानदाराची काठी बोटभर आखूड असली की गिऱ्हाइकाचा सदरा आखूड होई, आणि गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने मोजून तक्रार करू लागले तर हात प्रत्येकाचा वेगळा, असे उत्तर तयार असे. ‘आपल्याच अर्शीनने मोजणे’ हा वाक्प्रचार रशियनमध्ये आजही आहे, आणि त्यामागे हा अनुभव आहे. म्हणून सरकारने दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या बसवलेले, शिक्का मारलेले अर्शीन काढले, म्हणजे काठीचे टोक कोणाला तासता येऊ नये. १७३६ मध्ये वजन-मापांसाठी आयोग नेमला गेला, मग १८३५ चा हुकूम आला. १८९३ पासून वजन-मापांच्या मुख्य संस्थेची धुरा दमित्री मेंडेलीव्हकडे होती. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीमुळे जगाला माहीत झालेल्या या माणसाने अर्शीन नेमका किती, हे दशांशाच्या पुढच्या घरांपर्यंत ठरवण्यासाठी कित्येक वर्षे घालवली, आणि १८९९ च्या कायद्यात त्यानेच मीटरलाही ऐच्छिक म्हणून दार उघडून दिले. क्रांतीनंतर, १४ सप्टेंबर १९१८ रोजी मेट्रिक पद्धतीचा हुकूम निघाला आणि १९२७ पर्यंत जुनी मापे व्यवहारातून गेली. आपल्याकडे मेट्रिक मापे लागू होऊ लागली ती १९५८ मध्ये, तरी आपली उंची आजही आपण फुटांत सांगतो. कापड मोजणाऱ्या माणसाचा हात गिऱ्हाइकाच्या हातापेक्षा बलवान असतो, म्हणून बाजारात पोलादी मीटरच हवा, यात मला शंका नाही. अंगावरचे माप मला हवे आहे ते वाचताना, जिथे कोणी कोणाला काही विकत नसते.

आणि वाचताना ते किती लागते, हे टॉलस्टॉयच्या १८८६ च्या एका कथेत सर्वांत स्पष्ट दिसते. माणसाला किती जमीन लागते, असा प्रश्न तिच्या शीर्षकातच आहे. पाखोम नावाचा शेतकरी बाश्कीर लोकांच्या मुलखात जमीन घ्यायला जातो, आणि त्यांचा भाव ऐकून गोंधळतो. हजार रुबल, पण एकराला किंवा बिघ्याला नव्हे, दिवसाला. सकाळी निघून सूर्य बुडायच्या आत जेवढ्या जमिनीला पायी वळसा घालून तू सुरुवातीच्या जागी परत येशील, तेवढी तुझी. एका दिवसाचे चालणे हेच मापाचे एकक झालेले आहे. इथे वेर्स्ताचा हिशेब अंगावर घेतल्याशिवाय कथा कळत नाही. वेर्स्ता म्हणजे पाचशे साझेन, म्हणजे पंधराशे अर्शीन, आणि अर्शीन हे सरासरी पुरुषाच्या एका पावलाइतकेही असते. तेव्हा वेर्स्ता म्हणजे पुरुषाची पंधराशे पावले, माझी सोळा-सतराशे, आणि सपाट वाटेवर बारा-तेरा मिनिटे. पाखोम एकेका बाजूला आणखी थोडे, आणखी थोडे म्हणत वेर्स्ता वाढवत जातो, तेव्हा किलोमीटर वाचणाऱ्याला फक्त क्षेत्रफळ वाढताना दिसते. पावले मोजणाऱ्याला प्रत्येक वाढीव वेर्स्ताबरोबर परतीची तेवढीच पावलेही दिसतात, आणि उन्हाने तापलेले पायही दिसतात.

शेवटी तो सूर्यास्ताला कसाबसा टेकडीवर पोहोचतो आणि कोसळून मरतो. त्याचा नोकर फावड्याने खड्डा खणतो, डोक्यापासून पायांपर्यंत त्याने जेवढी जागा व्यापली तेवढा, तीन अर्शीन. तीन अर्शीन म्हणजे सात फूट, म्हणजे पुन्हा एक साझेन. मराठीत हे कसे आणावे याचा मी बराच विचार केला आहे. ‘सात फूट’ हे अचूक असले तरी ते ठेकेदाराचे माप वाटते. ‘तीन अर्शीन’ ठेवले तर वाचक ऐन शेवटच्या ओळीत तळटीप शोधायला जातो, आणि तिथे एक क्षणसुद्धा अडखळणे कथेला परवडत नाही. आपल्याकडे या जागेसाठी साडेतीन हात आहेत. संतवाणीत त्यालाच औट हात म्हटले आहे, आणि तिथेही माणसाची खरी जागा तेवढीच, बाकीची धडपड कशासाठी, असेच विचारलेले आहे. साडेतीन हात म्हणजे पाच फूट तीन इंच, म्हणजे तीन अर्शीनांहून एकवीस इंच कमी. हा फरक लहान नाही. एक माप कबरीचे आहे आणि दुसरे देहाचे, आणि कबर देहाहून लांब खणावीच लागते. पण टॉलस्टॉयने खड्ड्याची लांबी पाखोमच्या देहाशीच बांधलेली आहे, आणि सात फूट उंच पाखोम त्याच्या मनात असणे शक्य नाही. म्हणून मी एकवीस इंच सोडून द्यायला तयार आहे आणि साडेतीन हातच लिहीन.

रशियन मापे आपल्या भूमीवरूनही एकदा चालून गेली आहेत. पंधराव्या शतकात त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितीन चौलला उतरला आणि तिथून घाट चढून जुन्नरला आणि पुढे बिदरला गेला. चौलपासून पालीपर्यंत आठ दिवस, तिथून उमरीपर्यंत दहा, आणि उमरीहून जुन्नरला सहा दिवस, असा त्याचा हिशेब आहे. इतरत्र तो ‘कोव’ हे इथले माप वापरतो. चौल ते जुन्नर वीस कोव, जुन्नर ते बिदर चाळीस कोव. कोव सुमारे दहा वेर्स्तांचा धरला जातो. त्या हिशेबाने चौल ते जुन्नर दोनशे वेर्स्ता होतात, म्हणजे दोनशे तेरा किलोमीटर. सरळ रेषेत हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. कोष्टक हातात घेऊन बसलेला माणूस इथे निकितीनची चूक काढेल. पण चोवीस दिवसांत दोनशे वेर्स्ता म्हणजे दिवसाला आठ-नऊ वेर्स्ता, आणि घाटातल्या वळणांनी, मुक्कामांसह, मालासह चालणाऱ्या माणसाला हा वेग मला खरा वाटतो. जुन्नरच्या पावसाळ्याविषयी त्याने लिहिले आहे की चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल होता. अशा मुलखात सरळ रेषेचा काय उपयोग?

त्याने जुन्नरच्या गडाचे वर्णन केले आहे तिथे तर वेर्स्ता, कोव, साझेन यांतले काहीच वापरलेले नाही. शहर दगडी बेटावर आहे, माणसाच्या हाताने घडवलेले नाही, ईश्वराने निर्माण केलेले आहे, वर चढायला दिवस लागतो, एकेकानेच जावे लागते, वाट अरुंद आहे आणि दोघांना जोडीने जाता येत नाही. वाटेची रुंदी किती, तर एक माणूस. हे वाक्य मराठीत आणताना त्याशेजारी कंसात फूट किंवा सेंटिमीटर घालण्याची गरज नाही, आणि कोणी घातले तर मी ते खोडून टाकीन. कोव आणि वेर्स्ता यांना मात्र टीप द्यावी, आणि त्या टिपेत किलोमीटरच्या आधी दिवस लिहावेत, कारण निकितीनने आधी दिवसच मोजले होते.